बारा रीजनवाला हरला, चार रीजनवाला जिंकला: स्पॉटिफायने क्लाउड कसा निवडला

आमच्याकडे कुठल्या क्लायंटला क्लाउड, म्हणजे भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि सोयी, निवडून द्यायचा असला की सगळ्यात आधी एक्सेल उघडतं. डावीकडे सर्व्हिसची नावं, वरती तीन कॉलम, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल, आणि मग आठवडाभर आम्ही तिघंचौघं त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग भरत बसतो. मागच्या महिन्यात चाकणच्या एका क्लायंटसाठी अशीच शीट केली, बेचाळीस ओळींची. मीटिंगमध्ये मी ती प्रोजेक्टरवर स्क्रोल करत होतो आणि त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडम मधेच म्हणाल्या, "अहो, हे सगळं ठीक आहे, पण आमचा त्रास यातल्या कुठल्या ओळीत आहे?"

मी शीट वर नेली, खाली आणली. कुठल्याच ओळीत नव्हता.

येताना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा स्पॉटिफायचं प्रकरण डोक्यात घोळत होतं. जुनं आहे, २०१६ चं, पण क्लाउड निवडण्याबद्दल कुणी मला विचारलं तर मी अजून हेच सांगतो, कारण तुलनेच्या शीटवर जो सरळसरळ हरला असता त्याला त्यांनी निवडलं आणि का निवडलं तेही बऱ्यापैकी उघडपणे लिहून ठेवलं. बाकीच्या कंपन्या निवड झाली की एक गोडगोड प्रेसनोट काढतात आणि गप्प बसतात.

तर परिस्थिती अशी. स्पॉटिफाय ही स्टॉकहोमची कंपनी, २००६ ची स्थापना, २००८ ला ॲप लोकांच्या हातात आलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांचं सगळं स्वतःच्या मशिनवर चालायचं, म्हणजे डेटा सेंटरमध्ये जागा भाड्याने घ्यायची, सर्व्हर विकत घ्यायचे, रॅकमध्ये लावायचे, केबल ओढायच्या. गंमत म्हणजे डेस्कटॉपवर तर २०१४ पर्यंत गाण्यांचा बराचसा भार लोकांच्याच कॉम्प्युटरवर होता, तुम्ही ऐकताय ते गाणं दुसऱ्याच कुणाच्या तरी मशिनवरून थोडं थोडं यायचं. मग ते बंद केलं. २०१६ च्या सुमाराला त्यांची चार डेटा सेंटर होती, स्टॉकहोम, लंडन, अमेरिकेत व्हर्जिनियातलं ॲशबर्न आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. साडेसात कोटी युजर, तीन कोटीच्या वर गाणी, दोनशे कोटी प्लेलिस्ट. एवढ्या वाढीला सर्व्हर विकत घेऊन पुरं पडणं म्हणजे लग्नात पंगत बसल्यावर तांदूळ आणायला माणूस पाठवण्यासारखं आहे, आज ऑर्डर दिली तर मशीन लागून चालू व्हायला कितीतरी दिवस जातात आणि तोवर पाहुणे वाढलेले असतात.

क्लाउडवर जायचं हे ठरलं. प्रश्न होता कुणाच्या.

आता आमच्या पद्धतीने त्यांची शीट भरू. २०१६ च्या सुरुवातीला ॲमेझॉनची जगात बारा रीजन होती (रीजन म्हणजे एका भागातला डेटा सेंटरांचा गट), जानेवारीतच सोल सुरू झालं होतं, ते बारावं. गूगलकडे किती? चार. दोन अमेरिकेत, एक बेल्जियमला, एक तैवानला. ॲमेझॉनची क्लाउड सेवा २००६ पासूनची, म्हणजे स्पॉटिफायच्याच वयाची. गूगलच्या क्लाउडला धंद्याच्या बाजूने तोवर कुणी फार सिरियसली घेत नव्हतं, नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी क्लाउडच्या प्रमुख म्हणून डायान ग्रीन यांना आणून बसवलं तेव्हा कुठे लोकांना वाटायला लागलं की बाबा हे खरंच विकायला निघालेत. मोठ्या ग्राहकांची नावं बघायची तर नेटफ्लिक्सने २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की सात वर्षं चाललेलं त्यांचं ॲमेझॉनवर जाण्याचं स्थलांतर पूर्ण झालं. आणि वर कडी म्हणजे स्पॉटिफाय स्वतः आधीपासून ॲमेझॉनचं गिऱ्हाईक, गाण्यांच्या फायली त्यांच्या एसथ्री स्टोरेजवर. ओळखीचा दुकानदार, उधारी चालू, स्टाफला सगळं माहीत. आमच्या शीटमध्ये हा कॉलम वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला असता आणि आम्ही शुक्रवारी दुपारी रिपोर्ट पाठवून मोकळे.

२३ फेब्रुवारी २०१६ ला त्यांचे इन्फ्रास्ट्रक्चरचे व्हाइस प्रेसिडेंट निकोलस हार्टो यांनी लिहिलं की आम्ही गूगलवर चाललोय. आणि कारण देताना त्यांनी सर्व्हरचा दर सांगितला नाही, रीजन मोजली नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मशीन, स्टोरेज, नेटवर्क या गोष्टी आता चांगल्या मिळतात, पारडं झुकलं ते गूगलच्या डेटा टूल्समुळे. म्हणजे पबसब (मेसेज पोचवणारं), डेटाफ्लो (डेटावर प्रक्रिया करणारं), बिगक्वेरी (ढीगभर डेटाला प्रश्न विचारायचं) ही मंडळी.

हे वाचायला प्रेसनोटसारखंच वाटतं, मलाही तेव्हा वाटलेलं. पण नंतर त्यांच्या इंजिनियरांनी लिहिलेलं इव्हेंट डिलिव्हरीचं प्रकरण वाचलं आणि कळलं की यांना नेमकं कुठे दुखत होतं. ते जरा निवांत सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

तुम्ही ॲपमध्ये गाणं लावलं, थांबवलं, पुढे ढकललं, शोधलं, की प्रत्येक वेळी एक इव्हेंट तयार होतो आणि तो शेवटी डेटाच्या गोदामात पोचावा लागतो. ही हौस नाही, कारण गाण्याच्या मालकांना किती पैसे द्यायचे हे त्याच्यावरून ठरतं. इव्हेंट हरवला म्हणजे कुणाचे तरी पैसे हरवले, आणि म्युझिक कंपन्यांसमोर "सर्व्हर जरा डाऊन होता" चालत नाही. जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येक सर्व्हरवर या इव्हेंटची लॉग फाइल बनायची आणि ती काफ्का या मेसेज वाहून नेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ०.७ व्हर्जनमार्फत लंडनच्या हडूप क्लस्टरला, म्हणजे ढीगभर डेटा साठवून हिशेब करणाऱ्या मशिनच्या ताफ्याला, जायची. तिथे तासातासाचे गठ्ठे बांधायचे, मग पुढचे सगळे हिशेब.

आता यात गोम काय, तर आमच्या मामाच्या गावच्या डेअरीचं उदाहरण घ्या. वाड्यावस्त्यांवरच्या दहा संकलन केंद्रांवरून दूध येतं आणि टँकर तेव्हाच हलवायचा जेव्हा दहाही केंद्रांनी सांगितलं की "आमचं सकाळचं संपलं." नऊ केंद्रांचा निरोप आला आणि दहाव्याचा आला नाही तर टँकर उभा. मग कुणीतरी मोटरसायकल काढून बघून यायचं की तिथे अजून दूध यायचंय, का तो पोऱ्या झोपलाय, का केंद्रच बंद पडलंय. स्पॉटिफायमध्ये असंच, प्रत्येक सर्व्हरने "माझा या तासाचा माल संपला" अशी खूण पाठवायची, सगळ्यांच्या खुणा आल्याशिवाय त्या तासाचा गठ्ठा बांधायचा नाही, आणि केंद्रं दहा नाहीत, हजारो. एखादा सर्व्हर मेला तर तो मेलाय का नुसता गप्प आहे हे ठरवायला वेगळी यंत्रणा, आणि तिलाही कळलं नाही तर माणूस. बरं, एवढ्यावर भागत नाही. दूध केंद्रावरून निघालं म्हणजे पोचलं असं नाही, मुख्य डेअरीच्या टाकीत पडलं तरच पोचलं असं धरायचं, म्हणजे हडूप बंद पडलं की मागची सगळी साखळी जागच्या जागी थांबणार आणि सगळा माल सर्व्हरच्या डिस्कवर साचत बसणार. त्यात गायीचं, म्हशीचं एकाच कॅनमध्ये, म्हणजे सगळ्या प्रकारचे इव्हेंट एकाच धारेत, त्यामुळे ज्याची गर्दी जास्त त्याच्यामागे बारकं पण महत्त्वाचं काहीतरी अडकून पडायचं.

रात्री तीनला ड्युटीवरच्या इंजिनियरचा पेजर कशाने वाजत असेल ते आता सांगायला नको.

त्यांनी आधी घरच्या घरीच दुरुस्ती करून बघितली, हे मला आवडलं. काफ्काचं ०.८ आलं होतं, त्यात माल ब्रोकरवरच, म्हणजे काफ्काच्या मधल्या सर्व्हरवरच, टिकून राहतो, म्हणजे मधल्या टप्प्यावर टाकी बसवल्यासारखं. पण चार डेटा सेंटरमधून एका ठिकाणी माल आणायला जो मिररमेकर नावाचा भाग होता त्याने पार रडवलं, काही वेळा माल पोचलाय असं समजून तो टाकून द्यायचा. महिनोन्महिने त्यातच गेले. आणि मग कधीतरी तो प्रश्न आला जो प्रत्येक टीमला येतो, की हे आपण करतोय ते आपलं काम आहे का? आपण गाणी वाजवणारी कंपनी, मेसेज पोचवण्याचं टपाल खातं कशाला चालवतोय.

गूगलचं पबसब म्हणजे हेच टपाल खातं, दुसऱ्याने चालवलेलं. मेसेज टाकला, त्याने "मिळाला" म्हटलं की तुमची जबाबदारी संपली. उचलणारा उशिरा आला तरी तो सात दिवस सांभाळून ठेवणार. बंद पडलं तर रात्री उठणार गूगलचा माणूस. कागदावर छान. पण यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही आणि या प्रकरणातला हाच भाग मी क्लायंटला दाखवतो. त्यांच्या सिस्टिमवर तोवर आलेला जास्तीत जास्त भार सेकंदाला सात लाख इव्हेंट होता. वाढ धरून त्यांनी चाचणी लावली सेकंदाला वीस लाख मेसेजची. नकली मेसेज बनवून ओतत राहिले, बघू कुठे फुटतंय. फुटलं नाही. मग म्हणाले टाकताना जमलं, उचलताना काय? म्हणून वेगळी चाचणी, सलग पाच दिवस, मेसेज हरवतात का आणि टाकल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ जातो. एकही हरवलेला सापडला नाही, वेळ साधारण वीस सेकंद. वीस सेकंद म्हणजे काही विजेचा वेग नाही, पण यांना तासाचे गठ्ठे बांधायचे होते, त्यांना वीस सेकंद रग्गड.

आणि प्रत्येक प्रकारच्या इव्हेंटला आता स्वतंत्र टॉपिक, म्हणजे वेगळी रांग. गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं.

दुसरी गोष्ट बिगक्वेरी. हडूपवर मोठा प्रश्न विचारायचा म्हणजे संध्याकाळी जॉब लावायचा, घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं की कुठे तरी स्पेलिंग चुकलं आणि जॉब रात्री साडेअकरालाच मेला. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. बिगक्वेरीवर तोच प्रश्न काही मिनिटांत सुटतो, चुकला तर बदलून परत विचारा. शिफारशीची गाणी निवडणाऱ्या कंपनीत हा फरक किती मोठा आहे बघा, आठवड्याला पाच प्रयोग आणि दिवसाला पाच प्रयोग. यात थोडा इतिहासाचा न्यायही आहे. हडूपचा जन्मच मुळी गूगलने २००४ मध्ये मॅपरिड्यूसवर, म्हणजे मोठा हिशेब अनेक मशिनवर वाटून करायच्या पद्धतीवर, काढलेल्या पेपरमधून झालेला. जग त्या पेपरची कॉपी चालवत होतं तोवर गूगल आत पुढे निघून गेलं होतं, आणि आता तीच पुढची पिढी भाड्याने मिळायला लागली होती. स्पॉटिफायने रीजन मोजली नाहीत कारण बारा रीजन त्यांना लागतच नव्हती, दुखणं लंडनच्या एका क्लस्टरमध्ये होतं.

आता थोडं कुरकुरतो. ॲमेझॉनकडेही त्या वेळी अशीच डेटा टूल्स होती, किनेसिस होतं, रेडशिफ्ट होतं, म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही, आणि दराच्या वाटाघाटीत आत काय शिजलं ते बाहेर कोण सांगतो. माझं मत विचाराल तर बाजारातल्या तिसऱ्या नंबरच्या दुकानाला तेव्हा शोकेसमध्ये ठेवायला एक मोठं नाव हवं होतं, आणि अशा वेळी गिऱ्हाईक म्हणून तुमची किंमत वेगळीच असते. पहिल्या नंबरच्या दुकानात तुम्ही रांगेत, तिसऱ्याच्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावरून उठून येतो. दोन्ही कंपन्यांचे इंजिनियर शेजारी बसून काम करत होते. हे कुठल्या शीटच्या कुठल्या ओळीत लिहिणार?

अजून एक विचित्र गोष्ट, तेव्हा खूप चर्चा झाली होती. गूगल म्हणजे स्पॉटिफायचा स्पर्धक. यूट्यूब त्यांचं, तेव्हाचं प्ले म्युझिक त्यांचं. ॲमेझॉनही स्पर्धक, त्यांचंही म्युझिक. म्हणजे घर भाड्याने घ्यायचं तर दोन्ही घरमालकांचं तुमच्यासारखंच दुकान. पुढे २०१८ ला शेअर बाजारात जाताना स्पॉटिफायने आपल्या कागदपत्रांत ही जोखीम लिहूनही टाकली, की आमचं सगळं गूगलच्या क्लाउडवर आहे आणि गूगल आमच्याशी स्पर्धा करतं. लिहिलं आणि पुढे गेले.

स्थलांतराचं फार सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच रडगाणं असतं. बाराशेच्या आसपास सर्व्हिस (ॲपमागचे छोटे छोटे प्रोग्राम), रोजचे वीस हजार डेटा जॉब. युक्ती त्यांनी एक चांगली केली, प्रत्येक टीमने साधारण दोन आठवडे बाकीचं सगळं काम बंद ठेवून फक्त स्थलांतर करायचं, "फीचरसोबत जमेल तसं करू" हा प्रकार नाही. आमच्याकडे जमेल तसं करू म्हटलेलं एक स्थलांतर तीन वर्षं चालू आहे आणि दोन्हीकडचं बिल येतंय. त्यांचं सर्व्हिसचं काम २०१७ च्या मे पर्यंत आटोपलं. डेटाची बाजू जड होती, तिथे काही जॉब आहेत तसे उचलून नेले आणि काही नव्याने लिहिले, आणि लिहिता लिहिता डेटाफ्लोसाठी स्काला भाषेत सिओ नावाची लायब्ररी बनवून ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली.

आता पैसे. त्याच २०१८ च्या कागदपत्रांत आकडा आहे, तीन वर्षांत गूगलला किमान ३६ कोटी ५० लाख युरो द्यायचं बंधन. तुलनेसाठी सांगतो, २०१७ ला स्नॅपचॅटवाल्या स्नॅपने आपल्या कागदपत्रांत पाच वर्षांत गूगलला २०० कोटी डॉलर आणि ॲमेझॉनला १०० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे दोघांनाही झुलवत ठेवलं. स्पॉटिफायने मात्र एकच घर केलं. आणि पबसब, बिगक्वेरी, डेटाफ्लो या अशा गोष्टी आहेत की एकदा त्यांच्यावर संसार उभा केला की सोडून जाणं म्हणजे नुसतं सामान हलवणं नाही, भिंती सोबत न्यायच्या. साधे सर्व्हर भाड्याने घेतले असते तर उद्या दुसरीकडे जाता आलं असतं. ज्या टूलमुळे निवडलं, त्याच टूलने बांधून घातलं. हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही, माहीत असून घेतलेला सौदा आहे, आणि पेजरचा त्रास जाणार असेल तर मीही घेतला असता.

बिलाचं दुखणं पुढे आलंच, कुणाला चुकलंय. सर्व्हर विकत घेताना खरेदी खात्याची सही लागायची, क्लाउडवर कुणीही इंजिनियर चहा पिता पिता एका कमांडने खर्च चालू करतो. म्हणून त्यांनी बॅकस्टेज या आपल्या आतल्या पोर्टलमध्ये, जे २०२० ला त्यांनी ओपन सोर्स केलं, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुलं केलं, खर्च दाखवणारा एक भाग बनवला, ज्यात प्रत्येक टीमला आपला खर्च दिसतो, आणि तो नुसत्या डॉलरमध्ये नाही तर इंजिनियरच्या पगाराच्या मापातही, की बाबा तुझा खर्च एवढ्या माणसांएवढा वाढला. हे जबरदस्त आहे. आमच्या मॅनेजरला दाखवलं तर तो म्हणाला नको, उलटं वाचतील.

आणि एका घरमालकाची जोखीम? ८ मार्च २०२२ ला ती दिसली. गूगलची ट्रॅफिक डायरेक्टर नावाची सेवा, कुठल्या सर्व्हिसने कुठल्या सर्व्हरशी बोलायचं हे सांगणारी, ती कोलमडली. त्यात जीआरपीसीच्या, म्हणजे सर्व्हिसनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीच्या, क्लायंट लायब्ररीत एक बग होता, दोन्ही मिळून लोक ॲपमधून लॉगआऊट झाले आणि परत लॉगिन होईना. नंतर स्पॉटिफायने काय केलं, तर ज्या सर्व्हिस ट्रॅफिक डायरेक्टरवर नेल्या होत्या त्या परत जुन्या डीएनएसवर, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या साध्या यंत्रणेवर, आणल्या. क्लाउड सोडला नाही, क्लाउडमधली एक नवी सोय सोडली. १२ जून २०२५ ला गूगलचा क्लाउड जगभर काही तास अडखळला तेव्हाही स्पॉटिफायचं नाव बंद पडलेल्यांच्या यादीत होतं.

चाकणच्या मॅडमकडे परत गेलो तेव्हा शीट नेली नाही. विचारलं, रात्री झोप कशाने उडते? त्या म्हणाल्या, महिनाअखेरीला डिस्पॅच आणि बिलं जुळवायचा रिपोर्ट, संध्याकाळी सातला लावतो, सकाळी कधी आलेला असतो कधी नसतो, आणि नसला की एक तारखेला सकाळी आठला मला फोन. त्यांना गूगलच हवं असं अजिबात नाही, एवढ्याशा डेटाला कदाचित एक बरा डेटाबेस आणि एक नीट लावलेला इंडेक्स पुरेल, कुणाच्याही क्लाउडवर. पण बेचाळीस ओळींत हा रिपोर्ट नव्हता. पुढच्या मंगळवारी त्यांचाच मागच्या मार्चचा डेटा घेऊन, त्यातली नावं झाकून, तोच रिपोर्ट तिन्ही ठिकाणी पळवायचाय. मॅडम म्हणाल्या मी स्वतः घड्याळ लावून बसणार आहे, आणि चहा आमच्याकडून.